फॉन्ट आहे, पण सापडत नाही

गेल्या अंकात लिनक्सवर मराठी टायपिंग कसं बसवायचं ते लिहिलं आणि त्यावर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. ‘फॉन्ट टाकला, पण दिसत नाही.’ कुठे टाकला असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘फॉन्टच्या फोल्डरमध्ये.’ आता गंमत अशी, की लिनक्सच्या ग्राफिकल पडद्यामागे फॉन्ट शोधणारे दोघेजण आहेत, एक्स सर्व्हर आणि फॉन्टकॉन्फिग. दोघांच्या शोधायच्या जागा वेगळ्या, याद्या वेगळ्या आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. म्हणून फाइल कॉपी करण्याआधी माझा प्रश्न असतो, की तुमचा प्रोग्रॅम या दोघांपैकी कोणाला विचारतो? हा अंक सगळा त्यावरच.

छपाईची एक अडचण आधीच सांगते. या सदरात रोमन लिपी छापायची नाही असा संपादकांचा कटाक्ष आहे. त्यामुळे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या टर्मिनलमध्ये रोमनच्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे गोंधळ होईल तिथे एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आहे.

प्रश्न : ताई, मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, मोटिफवर (खिडक्या-बटणं बनवायची जुनी लायब्ररी) बनवलेलं. ते मशीनरूममधल्या मोठ्या लिनक्स मशीनवर चालतं आणि आम्ही आपापल्या टेबलावरच्या लिनक्स पीसीवरून एसएसएचने आत शिरून त्याची खिडकी इकडे उघडतो. पीसी नवे आले तेव्हापासून टर्मिनलमध्ये ‘कॅनॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग’ असं म्हणत हेल्व्हेटिकाचं लांबलचक नाव आणि शेवटी ‘टू टाइप फॉन्टस्ट्रक्ट’ असा इशारा येतो. बटणांवरची अक्षरं बटणाबाहेर जातात. आयटीवाल्यांनी मोठ्या मशीनवर हेल्व्हेटिकाच्या फाइली टाकल्या, एफसी-कॅश चालवलं. एफसी-लिस्टमध्ये नाव दिसतं, पण फरक शून्य. आता म्हणतात, सॉफ्टवेअरच बदला.

उत्तर : सॉफ्टवेअर बदलायचा खर्च मुळीच करू नका. तुमच्या आयटीवाल्यांनी काम मन लावून केलंय, फक्त चुकीच्या मशीनवर आणि चुकीच्या यादीत.

आधी मशीनचं बघू. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झाली आणि आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. त्या काळात प्रोग्रॅम एका मोठ्या मशीनवर आणि पडदा दुसरीकडे, ही नेहमीची मांडणी होती. तुमच्या कारखान्यात आजही आहे तशीच. या व्यवस्थेत पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला एक्स सर्व्हर म्हणतात. म्हणजे तुमच्या बाबतीत सर्व्हर आहे टेबलावरचा पीसी, आणि मशीनरूममधलं ते धूड त्याचं गिऱ्हाईक. जुन्या पद्धतीत प्रोग्रॅम अक्षरं स्वतः काढत नाही. तो पडद्याकडच्या सर्व्हरला सांगतो, की अमुक फॉन्टात अमुक शब्द या जागी काढ. फॉन्टची फाइल शोधायची ती सर्व्हरने, स्वतःच्या डिस्कवर. मोटिफची जुनी सॉफ्टवेअरं याच वाटेने जातात. त्यामुळे तुम्ही मोठ्या मशीनवर जगातले सगळे फॉन्ट ओतलेत तरी तुमच्या टेबलावरच्या पीसीला त्याचं सोयरसुतक नाही. पीसी बदलले तेव्हाच दुखणं सुरू झालं, यातच सगळं आलं.

आता यादीचं. एफसीने सुरू होणाऱ्या कमांड फॉन्टकॉन्फिग नावाच्या दुसऱ्या व्यवस्थेच्या आहेत. २००० सालानंतर कीथ पॅकार्ड यांनी ती आणली. तिच्यात प्रोग्रॅम स्वतःच फॉन्ट शोधतो आणि अक्षरं तयार करून सर्व्हरकडे देतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस हे सगळे त्या पंथाचे. एफसी-लिस्टमध्ये हेल्व्हेटिका दिसली याचा अर्थ फायरफॉक्सला ती मिळेल. तुमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्या यादीकडे ढुंकूनही बघत नाही.

तेव्हा टेबलावरच्या पीसीवर टर्मिनल उघडा आणि ‘एक्ससेट क्यू’ टाइप करा (एक्स-एस-ई-टी, मग मोकळी जागा, मग क्यू). बरीच माहिती येईल, तिच्यात खाली ‘फॉन्ट पाथ’ अशी ओळ दिसेल आणि तिच्याखाली स्वल्पविरामांनी तोडलेली फोल्डरांची माळ. सर्व्हर याच फोल्डरांत, याच क्रमाने बघतो. नव्या पीसीवर बहुधा ‘मिस्क’, ‘टाइप१’ आणि शेवटी ‘बिल्ट-इन्स’ एवढंच दिसेल. ‘७५डीपीआय’ आणि ‘१००डीपीआय’ ही दोन फोल्डरं नसतील. जुन्या सॉफ्टवेअरांना लागणारी हेल्व्हेटिका नेमकी त्यांतच राहते. हल्लीची बरीच लिनक्सं ती आपणहून बसवत नाहीत, कारण नव्या प्रोग्रॅमांना ती लागत नाहीत.

डेबियन किंवा उबुंटू असेल तर ‘एक्सफॉन्ट्स-७५डीपीआय’ आणि ‘एक्सफॉन्ट्स-१००डीपीआय’ ही पॅकेजं बसवा. फाइली युएसआर, शेअर, फॉन्ट्स, एक्स११ (यातला एक्स मोठ्या लिपीत) या वाटेवरच्या फोल्डरांत जातील. इथे बरेच जण लगेच ‘एक्ससेट एफपी रीहॅश’ मारतात आणि काही झालं नाही म्हणून हात टेकतात. रीहॅशचं काम एवढंच, की जी फोल्डरं आधीच पाथमध्ये आहेत त्यांच्या याद्या पुन्हा वाचायच्या. सर्व्हर सुरू होताना जे फोल्डर अस्तित्वातच नव्हतं ते पाथमधून गळालेलं असतं. रीहॅश त्याला परत बोलावत नाही. एकतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा, नाहीतर हाताने जोडा: ‘एक्ससेट’, मोकळी जागा, ‘एफपी’ला चिकटून अधिकचं चिन्ह, मोकळी जागा आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता.

त्या अधिकच्या चिन्हाची जागा नीट बघा. ते ‘एफपी’च्या नंतर लिहिलं तर नवं फोल्डर माळेच्या शेवटी जातं. आधी लिहिलं तर सुरुवातीला. हा फरक तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण बटणाबाहेर जाणाऱ्या अक्षरांचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. एकाच हेल्व्हेटिकाच्या दोन प्रती असतात, एक इंचाला ७५ ठिपके धरून काढलेली, दुसरी १०० ठिपके धरून. प्रोग्रॅमने ‘१२ पॉइंट’ एवढंच मागितलं आणि ठिपक्यांचा हिशोब सांगितला नाही, तर ७५ वाल्या फोल्डरमधून १२ ठिपके उंचीचा फॉन्ट मिळतो आणि १०० वाल्यातून १७ ठिपक्यांचा. जे फोल्डर माळेत आधी, त्याचा फॉन्ट लागू. तुमची बटणं ७५ च्या मापाने बेतलेली असणार, तेव्हा ‘७५डीपीआय’ आधी ठेवा.

अक्षरं दातेरी, जिना चढल्यासारखी दिसत असतील तर सर्व्हर लहान ठिपक्यांचा फॉन्ट ताणून मोठा करतोय. फोल्डरच्या पत्त्यापुढे विसर्गासारखं कोलन देऊन ‘अनस्केल्ड’ लिहिलं, की त्या फोल्डरमधले फॉन्ट ताणले जात नाहीत.

कारखान्याचे स्वतःचे काही खास फॉन्ट असतील, म्हणजे वेल्डिंगच्या खुणा, व्हॉल्व्हची चिन्हं वगैरे, तर ते पॅकेजात मिळायचे नाहीत. जुन्या पीसीच्या डिस्कवरून ते फोल्डर उचलून आणा. पण नुसतं आणून भागत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स डॉट डीआयआर’ नावाची साधी मजकूर-फाइल लागते. पहिल्या ओळीत एकूण किती नोंदी ते, आणि पुढे प्रत्येक ओळीत फाइलचं नाव आणि फॉन्टचं पूर्ण नाव. सोसायटीत राहायला आलात, पण खालच्या पाटीवर नाव चढवलं नाही, तर कुरिअरवाला गेटवरून परत जातो. सर्व्हर तसाच वागतो. फोल्डर चाळत बसत नाही, पाटी वाचतो. पाटी बनवायची कमांड ‘एमके-फॉन्ट-डीआयआर’, सगळी अक्षरं जोडून. ट्रूटाइपसारखे हव्या त्या मापाचे फॉन्ट असतील तर तिच्याआधी ‘एमके-फॉन्ट-स्केल’ चालवा, नाहीतर ते यादीत येणारच नाहीत. आणि हे उपफोल्डरांत शिरत नाही. चार उपफोल्डरं असतील तर चारही ठिकाणी यादी बनवा आणि चारही पत्ते पाथला जोडा.

पूर्ण नाव म्हणजे काय ते तुमच्या इशाऱ्यातच दिसलं असेल. ‘-अडोबी-हेल्व्हेटिका-मिडियम-आर-नॉर्मल--१२-१२०-७५-७५-पी-६७-आयएसओ८८५९-१’. आडव्या रेघांनी तोडलेली १४ घरं: फॉन्ट काढणारी कंपनी, घराणं, जाडी, तिरका की सरळ, रुंदी, मग मापं. ‘१२०’ म्हणजे १२ पॉइंट, दशांशात मोजलेला. दोन रेघा सलग दिसतात तिथे एक घर रिकामं आहे. ती छपाईची चूक समजून खोडू नका. हे नाव अवतरणात घालून ‘एक्सएलएस-फॉन्ट्स’ला विचारा (एक्स-एल-एस आणि पुढे फॉन्ट्स, जोडून). उत्तरात तेच नाव आलं तर सॉफ्टवेअरलाही मिळेल. नाही आलं तर सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

‘बॅड फॉन्ट पाथ एलिमेंट’ असा नकार आला तर एक्ससेट स्वतःच कारणं छापतं: फोल्डर नाही किंवा वाचायची परवानगी नाही, आत फॉन्ट्स डॉट डीआयआर नाही, किंवा फॉन्ट सर्व्हरचा पत्ता चुकला. मला बहुतेक वेळा मधलं कारण भेटलं आहे.

एक्ससेटने केलेला बदल त्या सत्रापुरता टिकतो. उद्या सकाळी पीसी चालू केला की माळ पुन्हा मूळची. कायमचं करायचं तर इटीसी, एक्स११, एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरमध्ये एक फाइल करून ‘फाइल्स’ विभागात ‘फॉन्टपाथ’च्या ओळी लिहाव्या लागतात. रेडहॅट घराण्यातलं लिनक्स असेल तर त्याहून सोपं आहे. तिथे इटीसी, एक्स११ मध्ये ‘फॉन्टपाथ डॉट डी’ असं फोल्डर असतं. त्यात तुमच्या फॉन्टच्या फोल्डरची सिमलिंक, म्हणजे मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद, टाकली की झालं. क्रम सांगायचा तर लिंकच्या नावातच कोलन देऊन ‘पीआरआय=३०’ असा आकडा लिहितात. आयटीवाल्यांना हीच पद्धत सांगा, कारण पंचवीस टेबलांवर जाऊन एक्ससेट मारायला कोणाला वेळ आहे?

तुमच्यापैकी कोणी विंडोजच्या पीसीवर एक्स सर्व्हर बसवून तेच सॉफ्टवेअर बघत असेल, तर त्यालाही हाच नियम. फॉन्ट लागतील ते त्या विंडोजच्या पीसीवर.

प्रश्न : वरच्यासारखाच माझा एक्सलिबमध्ये (एक्सशी थेट बोलणारी जुनी लायब्ररी) लिहिलेला छोटा प्रोग्रॅम आहे, महापेच्या आमच्या वर्कशॉपमध्ये काउंटरवर चालतो. त्याच्या पाथमध्ये युनिकोड मराठी फॉन्ट घालून मराठी पाट्या दाखवता येतील का?

उत्तर : अक्षरं दिसतील, मराठी दिसणार नाही. जुन्या वाटेवर एक क्रमांक म्हणजे एक आकृती, एवढाच व्यवहार आहे. ‘किती’तली वेलांटी मागून पुढे नेणं, ‘क्ष’ जोडून काढणं, ‘र्क’मधला रफार डोक्यावर चढवणं ही कामं फॉन्टच्या आत लिहिलेल्या नियमांनी होतात आणि ते नियम पाळणारा कोणीतरी लागतो. नव्या प्रोग्रॅमांत ते हार्फबझ नावाची लायब्ररी करते. एक्सच्या पाथमधून आलेल्या फॉन्टला हे कोणी करून देत नाही, त्यामुळे ‘क’, मागे वेलांटी, असं विस्कटलेलं मिळेल. काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर ते बरं दिसत नाही. पाट्या थोड्याच असतील तर त्यांची चित्रं करून लावा. नाहीतर खिडकी जीटीके किंवा क्यूटी या नव्या लायब्रऱ्यांमध्ये नव्याने लिहून घ्या. काउंटरच्या प्रोग्रॅमला ते काही डोंगर उचलण्याचं काम नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. पाचपाखाडीत माझं लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांचं दुकान आहे. मुलाने नवीन मशीनवर लिनक्स घातलं. जुन्या पत्रिकांच्या फाइली उघडल्या की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. माझ्या जुन्या सीडीवरचे सगळे फॉन्ट मी होम फोल्डरमध्ये टाकले, तरी तेच.

उत्तर : काका, तुमचा चिवडा मला ओळखीचा आहे. नौपाड्यात मी काही वर्षं डीटीपीचं काम केलं, तेव्हा गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर असलंच काहीतरी घेऊन दुपारी यायचं आणि संध्याकाळी छापून हवं असायचं.

तुमच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली आहेत. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच लिहिलेली आहेत, वर फॉन्टाचा मुखवटा आहे. तो फॉन्ट सापडला नाही, की मशीन गुपचूप दुसरा लावतं आणि मुखवटा गळून पडतो. म्हणजे फाइल बिघडलेली नाही. मजकूर आत सुखरूप आहे.

फॉन्ट ठेवायचा होम फोल्डरच्या आत, डॉट-लोकल, मग शेअर, मग फॉन्ट्स या फोल्डरमध्ये. नुसत्या होममध्ये ठेवलेल्या फाइलींकडे कोणी बघत नाही. फोल्डर नसेल तर करा. आत उपफोल्डरं केलीत तरी चालतं. फॉन्टकॉन्फिग ती स्वतः चाळतं, वरच्या प्रश्नातल्या एक्स सर्व्हरसारखं अडून बसत नाही. मग ‘एफसी-कॅश -एफ’ चालवा. त्यानंतर लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

एवढ्यावर जमलं नाही तर दोन जागा तपासा. फाइलचं नाव आणि फॉन्टचं नाव एकच असतं असं नाही. ‘एफसी-स्कॅन’ लिहून पुढे फॉन्टच्या फाइलचं नाव दिलंत, की ‘फॅमिली’ या ओळीत त्याचं खरं नाव कळतं. पत्रिकेत जे नाव लिहिलंय तेच तिथे हवं, मधल्या आडव्या रेघेसकट. आणि ‘एफसी-मॅच’ला पत्रिकेतलं नाव देऊन बघा: उत्तरात तुमच्या फॉन्टऐवजी ‘डेजाव्हू’ आलं तर मशीनला तो अजून सापडलेला नाही.

दुसरी जागा म्हणजे फाइलचं शेपूट. सीडीवर ‘पीएफबी’ शेपटाच्या फाइली असतील तर ते टाइप-१ जातीचे फॉन्ट आहेत. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ते घेणं बंद केलं. पाथ कितीही बरोबर असला तरी ते यादीत येणार नाहीत. त्याच सीडीवर ‘टीटीएफ’ शेपटाच्या प्रती बहुधा असतील, त्या घ्या.

एक विनंती. सीडीवरचे सगळेच्या सगळे फॉन्ट ओतू नका. पत्रिकांत तुम्ही खरोखर वापरता ते मूठभर असतील, तेवढेच घ्या. बाकीच्यांमुळे यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढते आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही ती सरकवत बसता. नव्या पत्रिका मात्र युनिकोडमध्येच करायला मुलाला सांगा. गिऱ्हाईक हल्ली मजकूर व्हॉट्सअॅपवरून युनिकोडमध्येच पाठवतं, तो जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करण्यात तुमचा वेळ जातो.

प्रश्न : ऐरोलीच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. शाळेच्या लिनक्सवर प्रश्नपत्रिका करताना ‘ॲ’ हे अक्षर शेजारच्या अक्षरांहून वेगळ्याच वळणाचं आणि जाड येतं. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पद्धतीचे दिसतात. माझ्या घरच्या मशीनवर, त्याच नावाच्या फॉन्टात सगळं ठीक येतं. असं का व्हावं?

उत्तर : बाई, ‘त्याच नावाच्या’ असं लिहिलंत म्हणून काम सोपं झालं. नाव तेच, प्रत मात्र जुनी असावी. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या फॉन्टात ते अक्षर नसतं. अशा वेळी फॉन्टकॉन्फिग चौकोन दाखवण्याऐवजी ज्याच्याकडे ते अक्षर आहे असा दुसरा फॉन्ट शोधतं आणि तेवढं एकच अक्षर तिथून उसनं आणतं. म्हणून ते पाहुण्यासारखं वेगळं दिसतं.

‘एफसी-लिस्ट’ला फॉन्टचं नाव देऊन विचारा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला फाइलचा पूर्ण पत्ता येतो. माझा अंदाज असा, की दोन ओळी येतील, एक सिस्टिमच्या फोल्डरमधली आणि एक कोणीतरी पेनड्राइव्हवरून होममध्ये टाकलेली. मग ‘एफसी-लिस्ट’, मोकळी जागा, कोलन, ‘कॅरसेट’ (सी-एच-ए-आर-एस-ई-टी), बरोबरचं चिन्ह, ९७२ असं विचारा. ‘ॲ’ ज्यांच्यात आहे तेवढेच फॉन्ट येतील. तुमच्या दोन फाइलींपैकी जी या यादीत नाही ती जुनी. ती फोल्डरबाहेर हलवा, एफसी-कॅश चालवा. सिस्टिमच्या फोल्डरमधलीच जुनी निघाली तर संगणकाच्या सरांना पॅकेज अद्ययावत करायला सांगा.

‘ल’ आणि ‘श’ची गोष्ट थोडी निराळी आहे. काही देवनागरी फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी रूप पुढे येतं. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून त्याची भाषा बघा, ती ‘हिंदी’ असेल. ‘मराठी’ करा. तरीही फरक पडला नाही तर त्या फॉन्टात मराठी रूप नाहीच, आणि पाथ फिरवून नसलेली गोष्ट येणार नाही. फॉन्ट बदला. मुलांना दंडवाला ‘ल’ छापून द्यायचा आणि फळ्यावर आपला पाकळ्यांचा काढायचा, हे मला तरी पटत नाही.

कुठल्याच फॉन्टचं नाव न सांगता मजकूर टाइप केला तर मशीनने तुमच्या आवडीचा मराठी फॉन्ट घ्यावा असं वाटत असेल, तर होममधल्या डॉट-कॉन्फिग, फॉन्टकॉन्फिग या फोल्डरात ‘फॉन्ट्स डॉट कॉन्फ’ फाइल करून पसंती लिहिता येते. तिथे एक खोच आहे. ‘सॅन्स-सेरिफ’च्या पसंतीत मराठी फॉन्ट सर्वात पहिला लिहिला, तर त्याच्यात रोमन अक्षरंही असल्यामुळे सगळ्या मेनूंतलं इंग्रजीही त्याच फॉन्टात दिसू लागतं. पहिला डेजाव्हू सॅन्स लिहा आणि दुसरा मराठीचा, उदाहरणार्थ मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी. डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठीसाठी मशीन आपोआप दुसऱ्यावर येतं.

प्रश्न : वसंत विहार, ठाणे. जुन्या पीसीतली एक्सची कॉन्फिग फाइल मी जपून ठेवली होती. नवीन लिनक्सवर ती घातली तर पडदा काळा, आणि लॉगमध्ये ‘कुड नॉट ओपन डिफॉल्ट फॉन्ट फिक्स्ड’. फॉन्टपाथच्या ओळीत ‘युनिक्स/:७१००’ असं आहे.

उत्तर : ७१०० हा फॉन्ट सर्व्हरचा पोर्ट. १९९१ च्या सुमारास ही सोय आली: एका मशीनने फॉन्ट सांभाळायचे आणि बाकीच्यांनी नेटवर्कवरून मागायचे. पुढे रेडहॅटच्या लिनक्सांत स्वतःच्याच मशीनवर तो चालवायची पद्धत होती, तुमची फाइल त्या काळातली. नव्या लिनक्सवर फॉन्ट सर्व्हर चालूच नाही. तुमचा एक्स ७१०० वर वाट बघतो, कोणी उत्तर देत नाही, पाथ रिकामा राहतो आणि ‘फिक्स्ड’ नावाचा किमान फॉन्टही हाती लागत नाही. त्याच्याशिवाय एक्स सर्व्हर उभा राहत नाही. ती ओळ काढून टाका. खरं सांगायचं तर अख्खी फाइलच काढा. आताचा एक्स पडदा, माउस, फॉन्टांची फोल्डरं स्वतः ओळखतो.

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये रूटचा पासवर्ड नाही. प्रोजेक्टसाठी फॉन्ट हवेत. आणि मशीन वेलँडवर आहे, तर ते एक्ससेट वगैरे शिकायचं की नाही?

उत्तर : रूट लागत नाही. पाचपाखाडीच्या काकांना सांगितलेलं डॉट-लोकलचं फोल्डर तुझ्याच मालकीचं आहे, फॉन्ट तिथे टाक. लॅबमध्ये होम नेटवर्कवरून येत असेल तर कुठल्याही मशीनवर बसलास तरी फॉन्ट तुझ्यासोबत येतील. प्रोजेक्ट देताना फॉन्टही सोबत द्यायचे असतील तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेव, तिथेच एक छोटी फॉन्ट्स डॉट कॉन्फ लिहून त्यात त्या फोल्डरचा पत्ता दे आणि प्रोग्रॅम सुरू करण्याआधी ‘फॉन्टकॉन्फिग_फाइल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तिच्याकडे वळव. व्हेरिएबलचं नाव सगळं मोठ्या लिपीत. तुझ्या फाइलने मूळची इटीसीतली फाइलही ‘इन्क्लूड’ करायला हवी, नाहीतर प्रोग्रॅमला फक्त तुझेच फॉन्ट दिसतील आणि बाकीचे सगळे गायब.

फ्लॅटपॅकमधून, म्हणजे मशीनपासून वेगळ्या बंद डब्यात, बसवलेल्या प्रोग्रॅमांना बाहेरचे पत्ते तसेच दिसत नाहीत. त्यांना मशीनचे फॉन्ट ‘रन, होस्ट, फॉन्ट्स’ या वाटेने आणि तुझे ‘युझर-फॉन्ट्स’ या वाटेने आत दिले जातात. म्हणून प्रोग्रॅममध्ये होमचा पत्ता हाताने लिहू नकोस, फॉन्ट नावाने माग.

वेलँड ही एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था. तिच्यात पडदा सांभाळणाऱ्याकडे फॉन्ट नसतातच, सगळा कारभार फॉन्टकॉन्फिगचा. जुने एक्सचे प्रोग्रॅम तिथे एक्सवेलँडमधून चालतात आणि त्यांना मात्र अजून तोच फॉन्ट पाथ लागतो. तेव्हा शीक. परीक्षेत विचारणार नाहीत, पण कोपरखैरणेहून रबाळे दोनच स्टेशनं आहे, आणि तिथल्या एका डिझाइन विभागात काय चाललंय ते तू वर वाचलंसच.

पुढच्या अंकासाठी फॉन्टचा प्रश्न पाठवणार असाल तर पत्रासोबत ‘एक्ससेट क्यू’मधला फॉन्ट पाथचा भाग आणि अडलेल्या फॉन्टच्या नावाने चालवलेल्या ‘एफसी-मॅच’चं उत्तर जोडा. पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको.